सातवी अट

आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात एक फळा होता. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात वर मोठ्या अक्षरांत 'तयार नमुना' आणि खाली सात अटी. पेंटर मीच शोधून आणला, मजकूर मीच दिला, ओळी तिरक्या आल्या म्हणून त्याच्याशी हुज्जतही मीच घातली. पुढं कितीतरी वर्षं नवा माणूस रुजू झाला की मी त्याला आधी त्या फळ्यापाशी नेऊन उभा करायचो. आता त्या फळ्यावरच्या शेवटच्या ओळीबद्दल लिहायचं ठरवलंय, तर तीन दिवस झाले, नुसता चहा पितोय.

ऑफिस म्हणजे माती तपासायची लहानशी प्रयोगशाळा, मानवतला. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला, त्याला चारेक वर्षं झाली होती. मी आकडेवारी सहायक म्हणून चिकटलो होतो. आमच्या वस्तीतून टेबलखुर्चीच्या नोकरीला लागलेला मी पहिलाच. त्या दिवसांत कोणी नाव विचारलं की मागोमाग आडनाव विचारायचे, आडनावावरून उमगलं नाही तर गाव, आणि गावातली आळी. मी तिन्ही उत्तरं एका दमात देऊन टाकायचो, म्हणजे समोरच्याची तगमग वाचायची. पण आत कुठंतरी मी सतत परीक्षेला बसलेला असायचो. चूक दुसऱ्यानं केली तर ती त्याची, मी केली तर ती सगळ्या वस्तीची, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नव्हती.

आम्ही चौघं होतो. एक साहेब, ते अर्धा वेळ परभणीला मीटिंगला. मातीचं पृथक्करण करणाऱ्या एक बाई. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं तोडून टाकणारं. एक कारकून, ज्याला दुसऱ्याची मस्करी केल्याशिवाय जेवण जात नसे. आणि मी. शेतकऱ्यांनी माती आणायची, कारकुनानं ठेवून घ्यायची, बाईंनी तपासायची, मी आकडे मांडून कोणत्या वावराला काय खत घालावं त्याचा कागद करायचा, असं काम चाले.

माती कशी यायची ते सांगितलं तर आज कोणाला खरं वाटणार नाही. डालड्याच्या डब्यात यायची, युरियाच्या रिकाम्या पिशवीत यायची, मग तिच्यात नत्र निघणार नाही तर काय निघणार! एकानं पाऊस लागलेली माती कडोसरीला बांधून आणली, ती त्याच्या कंबरेला लागून वाळली होती. एकानं घरच्या चाळणीनं चाळून रव्यासारखी केली होती. बहुतेक जण वावरातली सगळ्यात चांगली माती निवडून आणायचे. पाहुणे पोरगी बघायला येणार म्हटल्यावर तिला ठेवणीतलं लुगडं नेसवतात, तसं. आपलं रान परीक्षेत नापास होऊ नये एवढीच त्यांची इच्छा. मग बाई आठ-आठ दिवस त्या मातीवर डोळे फोडायच्या, रसायनं संपायची, आणि मी आकडे मांडायला बसलो की कळायचं, हा नमुना उकिरड्याशेजारचा आहे आणि या पिशवीतली चिठ्ठी उधईनं खाल्लीय. केलेलं काम पाण्यात. खरे नमुने मागं पडून राहायचे आणि त्यांचे मालक दर आठवड्याला एसटीनं हेलपाटे घालायचे.

एका सोमवारी बाई चिडल्या. सोमवारी सकाळी आम्ही लांब टेबलाभोवती उभ्यानं चहा घ्यायचो आणि त्या आठवड्यात कोणत्या पिशव्या कामाला घ्यायच्या ते ठरवायचो. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या टेबलावर यायच्या आधी नमुना तयार पाहिजे. तयार म्हणजे काय, ते आपण चौघांनी बसून ठरवू. नसता मी सगळ्या पिशव्यांचं एकच उत्तर देते, माती आहे म्हणून."

मग तीन-चार सोमवार आम्ही तेच केलं. लिहायचं काम माझ्याकडं. बाईंची एक रीत होती. कोणी अट सुचवली की त्या विचारायच्या, "ही नसली तर माझा कोणता आकडा चुकतो?" उत्तर आलं तर अट ठेवायची, नाही आलं तर सोडायची. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र केलेली असावी. नसली तर एकाच कोपऱ्याचा आकडा येतो. वीतभर खोल खड्ड्यातली असावी. सावलीत वाळवलेली असावी. कापडी पिशवी, खताची नव्हे. अर्धा किलो. पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या, एक आत, एक बाहेर, त्यावर नाव, गाव आणि उभं पीक. अशा सहा झाल्या. कारकुनानं 'आणणाऱ्यानं आंघोळ केलेली असावी' अशी एक सुचवली, तीवर सगळे हसलो. मीही हसलो, पण ते हसू माझ्या ओठांपलीकडं गेलं नाही.

सातवी अट माझी. 'सोबत नमुना देणाऱ्याच्या नावचा सातबारा उतारा.' मला गाववार तक्ता करायचा होता, कोणत्या गावच्या कोणत्या गटात स्फुरद किती, पालाश किती. वर पाठवायला तो फार शोभला असता.

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "हा नसला तर माझा कोणता आकडा चुकतो?"

"तुमचा नाही चुकत. माझा तक्ता अपुरा राहतो."

"मग तुमच्या तक्त्यात राहू द्या की एक घर रिकामं. माती तपासायला उतारा कशाला?"

साहेबांना मात्र तक्ता आवडला. सातवी अट फळ्यावर चढली.

फळा लागला आणि खरंच काम सुधारलं, हे मी आजही छाती ठोकून सांगेन. लोकांना काय आणायचं ते कळलं. पूर्वी ज्या कागदाला दोन महिने लागायचे तो पंधरा दिवसांत मिळू लागला. वरचे अधिकारी येऊन फळा बघून गेले, एकानं तर तो वहीत उतरून घेतला. साहेबांनी त्यांच्यापुढं माझं नाव घेतलं. पिशव्या घ्यायचं कामही आता कारकुनाकडून माझ्याकडं आलं. पिशवी हातात घेतली की नुसत्या वजनावरून मला कळायचं, आत ओल आहे की नाही. परत करताना मी फळ्याकडं बोट दाखवायचो, तोंडानं बोलायचीही तसदी घ्यायचो नाही. खोटं कशाला बोलू, त्यात मला मजा यायला लागली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहिलेल्या माणसाच्या हातात दाराची कडी आली की काय होतं, ते मी माझ्यावरून सांगतो.

त्यातच एकदा राणीसावरगावचे एक मास्तर आले, आमच्यातलेच. त्यांची माती थोडी दमट होती. एवढ्या लांबून आलेत म्हणून मी ती वर्तमानपत्रावर पसरून स्वतः वाळवली आणि त्याच आठवड्यात घेतली. सोमवारी कारकून चहा ओतताना म्हणाला, "काय हो, घरच्या पिशव्या आधी का?" साहेब हसले. बाई हसल्या नाहीत, पण ते मला पुष्कळ दिवसांनी आठवलं. त्या वेळी मला तिघंही हसल्यासारखी वाटली. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसा मी त्या दिवसापासून आपल्या माणसाची पिशवी दुप्पट कडकपणे तपासू लागलो.

असाच एक जण त्या हिवाळ्यात आला. पन्नाशीला टेकलेला, काटक, खांद्यावर दस्ती. खिडकीच्या जाळीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "जयभीम, सायेब."

कारकून मागंच बसला होता. मी म्हणालो, "नमस्कार. काय आहे?"

एवढंच. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं आणि लगेच गेलं, ते मी पाहिलं. पुढं त्यानं माझ्यादेखत तो शब्द उच्चारला नाही.

"माती दाखवायची व्हती. सोनपेठच्या खाली, गंगंच्या पलीकडं गाव हाय आमचं."

गंगा म्हणजे आमच्याकडं गोदावरी. प्लास्टिकची पिशवी होती आणि आत घाम सुटला होता. मी फळ्याकडं बोट केलं. त्याला थोडं वाचता येत होतं. चौथीपर्यंत गेलो होतो म्हणाला. फळ्यापुढं उभं राहून, एकेका शब्दावर बोट ठेवत त्यानं सहा अटी मोठ्यानं वाचल्या. सातवी वाचली, पुन्हा वाचली.

"ह्या सहा जमत्याल. ही सातवी जरा अवघड हाय, सायेब," म्हणाला, आणि पिशवी घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी परत आला. जुन्या लुगड्याच्या कापडाची पिशवी, हातानं शिवलेली, तोंडाला नाडी. माती सावलीत वाळलेली, हातात घेतली तर भुरभुरत होती. मी तराजूवर टाकली, अर्धा किलो बरोब्बर. किराणा दुकानात तोलून आणली होती. दोन्ही चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या, एकेक अक्षर कोरल्यासारखं. फळा लागल्यापासून इतका तयार नमुना माझ्याकडं आला नव्हता. मी दोष शोधत होतो, सापडत नव्हता, आणि त्याचा मला राग येत होता.

"सातबारा?"

"गायरान हाय, सायेब. धा-बारा वर्सं झाली कसायलाव. धोंडे येचू येचू बोटं गेली. दोन एकर केलंय."

"मग नावावर नाही."

"न्हाई ना. कापूस मधीच पिवळा पडायलाय, ते तर हायेच. पन खरं सांगू का, सायेब? आमचं नाव आन ते रान कुटंतरी एका कागदावर यावं, यवढंच म्हननं हाय. तलाठी पंचनामा करीना. वरच्या वावरवाले उभ्या पिकात गुरं घालायलेत, म्हंते तुमचं काय हाय हितं? एक सरकारी कागद असला तर बोलता तरी येतंय."

मला हे कळत नव्हतं असं नाही. माझ्या सख्ख्या मामानं गायरान फोडलं होतं. त्याच्या झोपडीत बसून मी दहावीचा अभ्यास केला होता, त्याच गायरानातली ज्वारी खाऊन. कागद नसलेल्या जमिनीवर उभं असलेलं पीक कसं दिसतं आणि तिथं गुरं शिरली की बायका कशा धावतात, ते मला पाठ होतं. तरी मी म्हणालो, "उतारा आणा. मग बघू."

'मग बघू' हे शब्द मी का वापरले, ते मला आजही उमगत नाही. तेवढ्यावर तो माणूस परत गेला आणि आणखी महिन्याभरानं उतारा घेऊन आला. तलाठ्याकडं किती चकरा झाल्या ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उताऱ्यावर गट नंबर होता. कब्जेदाराच्या जागी लिहिलं होतं 'सरकार', आणि शेजारी 'गायरान'.

"यावर तुमचं नाव नाही," मी म्हणालो.

"ते कसं असंल, सायेब?" तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बरं, आलो व्हतो म्हनून येखादी पावती तरी?"

"पावती घेतलेल्या नमुन्याला मिळते."

बाई आत होत्या. बाटल्या हलवायचं यंत्र चालू होतं. ते सुरू असलं की खडखडाटात अगदी जवळ तोंड नेल्याशिवाय काही ऐकू येत नसे. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. बाहेर जाळीशी तो माणूस, आत लांब टेबलापाशी आम्ही दोघं.

"तिसऱ्यांदा आलाय ना तो? घ्या की."

"सातबारा नाही."

"मातीला माहीत असतं का, आपण कोणाच्या नावावर आहोत ते? द्या इकडं ती पिशवी. मी करते."

मी म्हणालो, "बाई, उद्या कोणी म्हणालं, याच्या माणसांना नियम नाही, तर तुम्ही येणार आहात का सांगायला?"

बहुधा त्यांना पहिल्यांदाच कळलं, मी कशाला भितो ते. जोरजोरात मान हलवून म्हणाल्या, "नाही, नाही. हे काही कारण नव्हे. असलं मला चालणार नाही."

मला झोंबलं. खरं बोललेलं झोंबतंच. मी दोन्ही हात जोडले, कोपरापासून, कुचेष्टेनं. "हात जोडतो बाई तुमच्यापुढं. मला माझं काम करू द्या."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मग निदान का घेत नाही ते लिहून द्या त्याला. तोंडी हाकलू नका. नाव, गाव, रान कुठलं, पीक काय, नमुना कसा आहे, सगळं लिहा. सही करा, शिक्का मारा. माणसानं तीनदा यावं आणि हातात काहीच नाही?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि यंत्राकडं गेल्या.

मी रागारागात लिहिलं. बाईंना दाखवायचं होतं की काम कसं चोख करतात. कोरी चिठ्ठी घेतली आणि नाव, गाव, उताऱ्यावरचा गट नंबर, 'गायरानात स्वतः कसत असलेले दोन एकर, कापूस उभा, नमुना योग्य रीतीने घेतलेला, सातबारा नावावर नसल्याने परत' असं सगळं मांडलं. तारीख घातली, सही ठोकली, वर गोल शिक्का. जाळीखालून चिठ्ठी सरकवली. त्यानं ती वाचली, घडी घातली, दस्तीच्या टोकाला गाठ मारली. पिशवी उचलली. जाताना एकदा आत बघितलं, बाईंच्या पाठीकडं आणि मग माझ्याकडं.

परत केलेल्या नमुन्यांची नोंद आम्ही ठेवत नव्हतो. सोमवारच्या वहीत नुसता आकडा असायचा, या आठवड्यात परत तीन. त्या तिनांतला एक तो.

सात-आठ वर्षं गेली. साहेब बदलले, कारकुनाची बदली झाली, बाई निवृत्त होऊन परभणीला लेकाकडं राहायला गेल्या. त्यांची जागा घेतलेला तरुण बरा होता, पण कोणत्याही अटीला 'कशासाठी' असं विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं. फळा तसाच होता, सातही अटींसकट. दरम्यान सरकारनं ठरवलं की गायरान कसणाऱ्यांच्या नावावर करायचं, पण ठरलेल्या तारखेच्या आधीपासून कसतो याचा पुरावा पाहिजे. वस्त्यावस्त्यांत पुराव्याची शोधाशोध सुरू झाली. लोकांनी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं राबून पीक काढलं होतं, कागद मात्र कोणाकडंच नव्हता.

आणि तो आला. पाठीत वाकला होता, केस पांढरे झाले होते. खिशातून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक चिठ्ठी काढली. घरातल्या मोठ्या फोटोच्या काचेमागं इतकी वर्षं ठेवली होती म्हणे. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं. शाई फिकी झाली होती, शिक्का अजून वाचता येत होता.

"तहसिलीत दावली. ते म्हंते, ही सही आन शिक्का खरा हाय म्हनून हापिसाचं पत्र आना. मग धरतो."

मी पत्र लिहिलं. साहेबांची सही घेतली. मी त्याला हाकलताना लिहिलेला तो कागद आता त्याच्या दोन एकरांचा एकुलता आधार होता. त्या वेळी मी काही बोलायला हवं होतं. गर्दी होती, त्याला गाडी गाठायची होती, अशी कारणं मी मनाशी पुरेशी गोळा केली.

पुढच्या वर्षी सुगीनंतर तो पुन्हा आला. या वेळी जाळीशी न थांबता सरळ आत आला. हातात कापडी पिशवी. माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर एक कागद उघडून ठेवला. सातबारा. कब्जेदाराच्या जागी त्याचं नाव.

"घ्या, सायेब. आता सातवी बी हाय," म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला.

नवे सहकारी गोळा झाले. मी त्याला खुर्ची दिली, पहिल्यांदाच. म्हणालो, "बसा, मामा. चहा घ्या." तो बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला.

"ह्या सायबामुळं झालं बगा. त्या टायमाला ती चष्मेवाली बाई व्हती हितं. लय कडक. नुसती मान हलवायली, न्हाई न्हाई म्हनून. म्या जाळीतनं बगायलो. यंत्राच्या आवाजात ऐकू तर काई येईना, पन दिसत व्हतं ना समदं. ह्या सायबानं तिच्याम्होरं दोनी हात जोडले, गरिबाचं घ्या म्हनून. तरी तिनं पाठ फिरवली. मग ह्येंनी काय करावं? गुपचूप येऊन ही चिठ्ठी लिवून देली. आसं लिवलं, आसं लिवलं, की तहसीलदार म्हनला, कोन मानूस हाय हा, ह्यानं तर समदा पंचनामाच केलाय! आपलं मानूस बसलं व्हतं खुर्चीत, म्हनून झालं. आमच्या वस्तीत लेकराबाळांना ठावं हाय ही गोष्ट."

मग माझ्याकडं वळून, उठून उभं राहून, इतक्या वर्षांनी तो पुन्हा म्हणाला, "जयभीम, सायेब."

"जयभीम, मामा," मी म्हणालो.

सांगायला किती वेळ लागला असता? मामा, उलटं होतं. त्या बाई तुमच्यासाठी भांडत होत्या. हात मी त्यांना चिडवायला जोडले. चिठ्ठी त्यांनी लिहायला लावली. तीन-चार वाक्यं, चहा निवायच्या आत संपली असती. पण माझे सहकारी माझ्याकडं आदरानं बघत होते, म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, आणि मला ते सगळं फार गोड लागत होतं. मी पिशवी तोलली. अर्धा किलो बरोब्बर. नंबर टाकला, पावती फाडली. त्याला एसटीपर्यंत सोडायला गेलो. परत येऊन त्याच आठवड्यात पेंटरला बोलावलं आणि सातव्या अटीवर हिरवा रंग मारून घेतला. सहकाऱ्यांना ते फारच थोर वाटलं.

माझ्या हातून झालेली पहिली चूक भीतीची होती, तिची मी स्वतःला कधीमधी माफी देतो. त्या काळात भ्यायला कारणं होती. या दुसरीला कोणतं कारण द्यायचं? खाई त्याला खवखवे. त्या वस्तीत आजही एक चष्मेवाली बाई गरिबाच्या मातीला नाही म्हणत असेल, आणि मी हात जोडून उभा असेन.

नामांतर झालं त्या महिन्यात मी कामानिमित्त परभणीला गेलो होतो. बसस्टँडवर बाई दिसल्या. थकल्या होत्या, चष्मा आणखी जाड झाला होता. त्यांनीच मला ओळखलं. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अभिनंदन हो तुमचं सगळ्यांचं. फार वर्षं लावली." मी पिशवीतून पेढा काढून दिला, तो त्यांनी तिथंच खाल्ला. ऑफिसची चौकशी केली, फळा आहे का विचारलं. सातवी अट पुसली म्हटल्यावर बरं केलंत म्हणाल्या. मग त्यांची गाडी लागली. पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या.

"अहो, तो सोनपेठकडचा गायरानवाला होता बघा, तीनदा आलेला. त्याचं पुढं काही कळलं का? मला अधूनमधून आठवतो. वाटतं, आपण त्याला उगीच परत पाठवलं."

आपण, म्हणाल्या.

"नाही बाई," मी म्हणालो. "काहीच कळलं नाही."

"नमुना चांगला होता हो त्याचा," त्या म्हणाल्या, आणि गाडीत चढल्या.